फॉलिंगवॉटर: ओढ्याच्या कातळावर बसवलेलं घर

निसर्गात मिसळून गेलेलं घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दगडी भिंती, लाकडी छत, वेल चढलेले खांब आणि जमिनीपासून छतापर्यंतच्या काचा येतात. ही झाली दिसण्याची बाजू. अशा घराचं खरं भवितव्य ठरतं ते ते जागेवर नेमकं कुठे बसवलं, त्याचं वजन जमिनीत कसं उतरवलं आणि पाण्याचा बंदोबस्त काय केला, यावर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फॉलिंगवॉटर या घरात या गोष्टी अगदी टोकाला नेलेल्या आहेत. जागेची निवड अप्रतिम साधली. वजनाचं गणित थोडक्यात निभावलं. पाण्याशी झुंज मात्र आजही चालू आहे. सेंद्रिय, म्हणजे जागेशी एकजीव होणाऱ्या, वास्तुरचनेबद्दल बोलताना या घराचा फक्त फोटो दाखवून पुढे जातात, याची मला नेहमी हळहळ वाटते. कारण त्या फोटोत न दिसणारा भागच जास्त शिकवणारा आहे.

जागा, मालक आणि नकाशा

पिट्सबर्ग शहराच्या आग्नेयेला डोंगराळ, दाट झाडीचा मुलूख आहे. तिथून बेअर रन नावाचा ओढा वाहतो. एडगर कॉफमन यांचं पिट्सबर्गमध्ये मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं. ओढ्याकाठची ही जागा आधी दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या उन्हाळी शिबिरांसाठी वापरली जायची, पुढे ती कॉफमन कुटुंबाकडे आली. सुट्टीत एडगर आणि त्यांच्या पत्नी लिलियन इथल्या साध्या कॉटेजमध्ये राहायचे, ओढ्यात डुंबायचे आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या कातळावर ऊन खात बसायचे. हा कातळ लक्षात ठेवावा, पुढे घराचा सगळा आराखडा त्याच्याभोवती उभा राहिला.

कॉफमन यांचा मुलगा, त्याचंही नाव एडगरच, 1934 मध्ये वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे शिकायला गेला. फॉलिंगवॉटरची रचना पुढे त्यांनीच केली. विस्कॉन्सिनमधल्या टॅलिएसिन इथे राइट यांनी दोन वर्षांपूर्वी शिष्यांसाठी निवासी शिक्षण सुरू केलं होतं. राइट तेव्हा 67 वर्षांचे होते. महामंदीमुळे हातात काम जवळजवळ नव्हतं, आणि युरोपातून आलेल्या पांढऱ्या, सपाट, अलंकाररहित इमारतींचा बोलबाला सुरू झाल्यापासून त्यांना मागच्या पिढीचे समजणारेही बरेच झाले होते. मुलाच्या ओळखीतून कॉफमन दांपत्य त्यांना भेटलं, आणि डिसेंबर 1934 मध्ये राइट पहिल्यांदा बेअर रनवर आले.

जागा पाहून गेल्यावर त्यांनी मागितला तो नकाशा. तोही नुसता हद्दीचा नाही. जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या समोच्च रेषा, प्रत्येक मोठा कातळ आणि प्रत्येक मोठं झाड त्यावर हवं होतं. 1935 च्या मार्चमध्ये तो तयार झाला. या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा कागद कुठला, असं विचारलं तर मी घराच्या कुठल्याही रेखाचित्राऐवजी या नकाशाकडे बोट दाखवीन. वास्तुविशारदाच्या हाती साधारणपणे जागेची लांबी, रुंदी आणि रस्त्याची बाजू एवढंच पडतं. त्यावर आधी घर आखलं जातं आणि मग आड येणारा कातळ फोडला जातो, झाड तोडलं जातं. इथे कातळ आणि झाडं पहिल्या दिवसापासून कागदावर होती, त्यामुळे घर आखताना त्यांना वळसा घालणं किंवा कवेत घेणं शक्य झालं.

पुढचे कित्येक महिने राइट यांनी काहीच रेखाटलं नाही. सप्टेंबर 1935 मध्ये एका सकाळी कॉफमन यांनी मिलवॉकीहून फोन करून कळवलं की मी भेटायला निघालोय. ते पोचेपर्यंतच्या दोनेक तासांत राइट यांनी मजल्यांचे आराखडे आणि दर्शनी चित्रं काढून टाकली, अशी हकीकत त्यांच्या शिष्यांनी सांगितलेली आहे. ती सांगताना सगळा भर प्रतिभेवर दिला जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की घर दोन तासांत सुचलं. माझ्या मते ती गोष्ट नऊ महिन्यांची आहे. नकाशा डोक्यात पक्का मुरलेला असल्याशिवाय इतक्या अवघड उतारावरचं घर एका बैठकीत कागदावर उतरत नाही.

धबधबा दिसत नाही, ऐकू येतो

कॉफमन यांची अपेक्षा सरळ होती. ओढ्याच्या दक्षिण काठावर घर असेल आणि दिवाणखान्यातून समोरचा धबधबा दिसेल. राइट यांनी घर उत्तर काठावर, धबधब्याच्या माथ्यावरच ठेवलं. घरात बसलेल्याला धबधबा समोर दिसत नाही. गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली पाणी कोसळताना दिसतं. आवाज मात्र प्रत्येक खोलीत येतो.

या निर्णयाचं कौतुक बहुधा काव्यमय भाषेत होतं, पण त्यामागे रोखठोक हिशेबही आहे. दक्षिण काठावर घर बांधलं असतं तर धबधब्याकडे पाहणाऱ्या खोल्यांचं तोंड उत्तरेला आलं असतं आणि थंड हवेच्या या प्रदेशात तिथे ऊन फारसं पोचलं नसतं. उत्तर काठावर पाठीशी खडी दरड, तोंड दक्षिणेला, त्यामुळे गच्च्यांवर आणि दिवाणखान्यात दिवसभर उजेड. दुसरं म्हणजे, कायम समोर दिसणारं दृश्य माणसाला काही दिवसांनी दिसेनासं होतं. खाली उतरून, वळून, काठावर जाऊन बघावं लागणारं दृश्य ताजं राहतं. राइट यांना कुटुंबाने धबधब्यासोबत राहावं असं वाटत होतं, त्याचा अर्थ हा.

दिवाणखान्याच्या जमिनीत एक काचेची झडप आहे. ती सरकवली की लोंबता जिना थेट ओढ्याच्या पाण्यापर्यंत उतरतो. जिन्याचा व्यावहारिक उपयोग मर्यादित आहे, कारण तो खाली कुठे जात नाही, पाण्यापाशी संपतो. तरी घराचा आणि ओढ्याचा सर्वात घट्ट सांधा तोच. गरमीच्या दिवसांत झडप उघडली की पाण्यावरची गार हवा वर येते.

आता तो कातळ. कुटुंब ज्यावर बसायचं तो कातळ तसाच ठेवून त्यावर दिवाणखान्यातली शेकोटी बांधली. घराच्या फरशा जवळच काढलेल्या वालुकाश्माच्या आहेत आणि त्यांना मेणाची चकाकी दिलेली आहे. शेकोटीपुढे वर आलेला कातळ मात्र मेण न लावता कोरडा ठेवला. परिणाम असा, की चकाकणारी फरशी ओल्या ओढ्यासारखी भासते आणि कातळ पाण्याबाहेर डोकावणाऱ्या खडकासारखा. यात खर्च जवळजवळ काहीच नाही, फक्त कुठे हात लावायचा नाही हे ठरवलेलं आहे. संपूर्ण घरात मला हा तपशील सर्वात जास्त आवडतो.

भिंतींचा दगडही याच जमिनीतून, बांधकामापासून हाकेच्या अंतरावरच्या खाणीतून काढला. तो चौकोनी घडवून सारखा लावलेला नाही. काही थर पुढे, काही मागे, जाडी कमीजास्त. ओढ्याकाठच्या दरडीत खडकाचे जसे आडवे थर दिसतात, तशीच भिंत दिसते. रंग दोनच वापरले: काँक्रीटला फिकट पिवळसर मातकट आणि लोखंडाला तांबडा. पिवळसर छटा रोडोडेंड्रॉन या झुडपाच्या वाळलेल्या पानाची. राइट यांचा आधीचा प्रस्ताव काँक्रीटवर सोन्याचा वर्ख चढवायचा होता, तो मालकाने मान्य केला नाही. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण राइट यांना घर झाडीत लपवायचं नव्हतं. त्या आडव्या, गुळगुळीत, माणसाने ओतलेल्या गच्च्या आजूबाजूच्या खडबडीत दगडापुढे ठळक उठून दिसतात. जागेशी नातं जुळतं ते त्यांच्या आडवेपणातून, ओढ्याच्या कातळांच्या पायऱ्यांचा तोच आडवा ताल उचलण्यातून.

काचेचं काम असंच विचारपूर्वक केलेलं आहे. अनेक ठिकाणी काच चौकटीशिवाय थेट दगडात खोबण करून बसवली, त्यामुळे दगडी भिंत आतून बाहेर सलग जाताना दिसते. कोपऱ्यातल्या खिडक्या उघडल्या की कोपराच नाहीसा होतो. छत बुटकं आहे, काही ठिकाणी साडेसहा फुटांहूनही कमी. आत उभं राहिलं की नजर वर न जाता आडवी बाहेर धावते, झाडांकडे. मुख्य घराचं क्षेत्रफळ सुमारे 5,300 चौरस फूट, त्यातलं 2,885 चौरस फूट आतलं आणि 2,445 चौरस फूट गच्च्यांचं. जवळजवळ निम्मं घर उघड्यावर आहे.

हवेत पुढे आलेलं ओझं

बांधकाम 1936 मध्ये सुरू झालं, आणि इथून कथा अवघड होत जाते.

धबधब्यावर पुढे आलेल्या गच्च्यांना खालून खांब नाहीत. मागच्या बाजूला त्या आधारांवर टेकलेल्या आहेत आणि पुढे सुमारे 15 फूट अधांतरी आहेत. अशा कँटिलिव्हर तुळईत वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण जवळपास सोसतच नाही, म्हणून वरच्या भागात पोलादी सळया हव्यात आणि त्या पुरेशा हव्यात. राइट यांनी रचना हुशारीने उलटवली होती. सहसा तुळया स्लॅबच्या खाली दिसतात. इथे स्लॅब तळाशी आणि तुळया त्याच्या वर, आणि त्यावर फरशी. खालून पाहणाऱ्याला गच्चीचा तळ एकसंध, स्वच्छ दिसतो, आणि दाबाच्या बाजूला स्लॅबचीही मदत होते.

चूक सळयांच्या प्रमाणात होती. कॉफमन यांनी पिट्सबर्गमधल्या अभियंत्यांकडून आराखडे तपासून घेतले. त्यांना पोलाद कमी वाटलं आणि त्यांनी मुख्य तुळयांमधल्या सळया जवळजवळ दुप्पट केल्या. राइट यांना हे कळल्यावर ते भयंकर संतापले. त्यांच्या मते हा अविश्वास होता. दशकांनंतर झालेल्या विश्लेषणातून निघालेला निष्कर्ष असा, की वाढवलेलं पोलादही अपुरं होतं, आणि ते वाढवलं नसतं तर गच्ची टिकली नसती. ज्यांच्या नावाची कोणी आठवणही काढत नाही अशा त्या अभियंत्यांचं या घरावर मोठं ऋण आहे.

आणखी दोन गोष्टी भोवल्या. पहिली, सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, बांधताना पुढच्या टोकाला थोडा उठाव द्यायला हवा होता, म्हणजे साचा काढल्यावर तुळई वाकून समतल झाली असती. तो दिला नव्हता. साचा काढताच टोक पावणेदोन इंच खाली आलं आणि वरच्या मजल्याच्या कठड्यांना तडे गेले. दुसरी, वरच्या मजल्याची गच्ची खालच्या गच्चीपेक्षाही पुढे आलेली आहे, आणि तिचं वजन दिवाणखान्याच्या खिडक्यांमधल्या उभ्या पोलादी पट्ट्यांतून खालच्या तुळयांच्या टोकाकडे उतरतं. खालच्या तुळया स्वतःच्या मजल्याबरोबर वरचं ओझंही उचलत होत्या.

काँक्रीटवर सतत भार राहिला की ते वर्षानुवर्षं सावकाश वाकत जातं. कॉफमन यांना याची काळजी होती आणि 1955 मध्ये निधन होईपर्यंत ते वेळोवेळी कठड्यांची पातळी मोजून घेत होते. त्यांच्यानंतर मोजणी थांबली, वाकणं थांबलं नाही. 1990 च्या दशकात न्यूयॉर्कचे स्थापत्य अभियंते रॉबर्ट सिल्मन यांच्या कार्यालयाने सविस्तर तपासणी केली, तेव्हा मुख्य गच्चीचं टोक जवळजवळ 7 इंच खाली आलेलं होतं. 15 फुटांच्या लांबीत 7 इंच हा उतार साध्या डोळ्यांनाही दिसतो. मुख्य म्हणजे हालचाल अजून चालूच होती. 1997 मध्ये गच्चीखाली ओढ्याच्या पात्रात तात्पुरते पोलादी टेकू उभे केले गेले.

कायमची दुरुस्ती 2002 मध्ये पूर्ण झाली, आणि ती मला मूळ रचनेइतकीच देखणी वाटते. दिवाणखान्याच्या फरशीचे दगड क्रमांक घालून उचलले, आतल्या तुळया उघड्या केल्या, त्यांच्या बाजूंनी उच्च क्षमतेच्या पोलादी केबल टाकल्या आणि जॅक लावून त्या ताणल्या. ताणलेल्या केबल तुळईला कायम दाबाखाली ठेवतात, त्यामुळे वरच्या भागातला ताण घटतो आणि पुढचं वाकणं थांबतं. मग दगड होते तिथेच परत बसवले. बाहेरून एकही नवा खांब दिसत नाही.

घर पूर्ण समतल करायचा मोह त्यांनी टाळला, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. टोक किंचित वर उचललं गेलं, बाकीचा झुकाव तसाच ठेवला. साठ वर्षांत काचा, दगड, चौकटी त्या झुकावाशी जुळवून बसलेल्या होत्या. ते सगळं जबरदस्तीने सरळ करायला गेलं असतं तर जुने तडे मिटून नवे पडले असते.

ओल

राइट यांच्या या घराला कॉफमन ‘सात बादल्यांचं घर’ म्हणायचे, पावसात गळती झेलायला तेवढ्या बादल्या लागायच्या म्हणून. हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण गळती कुठून होते हे पाहिलं तर लक्षात येतं की ज्या तपशिलांनी घर जागेशी जोडलं, नेमके तेच पाण्याच्या वाटा आहेत. आतली फरशी आणि गच्चीची फरशी जवळजवळ एकाच पातळीत, म्हणून पाणी अडवायला पुरेसा उंबरठा नाही. दगडी भिंत आतून बाहेर सलग, म्हणून बाहेरची ओल तिच्यातून सलग आत. काचेला चौकट नाही, म्हणून दगड आणि काच यांच्यातल्या फटीत भरलेली लांबी (पुट्टी) तेवढीच अडसर. आणि निम्मं घर सपाट गच्च्यांचं, त्यातल्या बऱ्याच गच्च्यांखाली खोल्या. त्यात हिवाळ्यात झिरपलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि सांधे मोकळे करतं. ओढ्याचा दमटपणा तर बारमाही.

अलीकडेही तिथे जलरोधाचं मोठं काम काढावं लागलं. दगडी भिंतींच्या आतल्या पोकळ्यांत पातळ चुना-सिमेंटासारखा मसाला भरणं, गच्च्यांचे थर बदलणं, खिडक्यांच्या पोलादी चौकटी दुरुस्त करणं, हे सगळं त्यात आलं. असं घर बांधू पाहणाऱ्याने हा भाग आधी वाचावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आतली-बाहेरची सीमा पुसण्याचा प्रत्येक निर्णय दुरुस्तीच्या वहीत एक कायमचं पान उघडतो. आज दोन पातळ्यांमध्ये लपवलेली पन्हळ, भिंतीत पाणी तोडणारा थर, चौकट दिसणार नाही अशी खोबणीतली काच, अशा सोयी उपलब्ध आहेत. आरेखनाच्याच टप्प्यात त्या घेतल्या तर दिसण्यात फारसा फरक पडत नाही.

झाडांच्या बाबतीतही असंच झालं. मागच्या दरडीकडे जाणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांपैकी एक झाडाच्या बुंध्याला अर्धवर्तुळाकार वळसा घालून जाते. झाड जिवंत ठेवण्यासाठी तुळई वाकवणं हे फार मोठ्या मनाचं काम आहे. पण झाडाचं आयुष्य आणि काँक्रीटचं आयुष्य सारखं नसतं. झाड गेलं की वळण उरतं, म्हणून तिथे पुन्हा झाड वाढवण्याची जबाबदारीही घराबरोबरच येते.

पैसा आणि रान

मुख्य घर 1937 मध्ये राहण्याजोगं झालं, वरच्या उतारावरचं अतिथीगृह 1939 मध्ये. सगळं मिळून खर्च सुमारे 1,55,000 डॉलरवर गेला, सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट. 2000 नंतरच्या जीर्णोद्धाराला त्याहून खूप मोठी रक्कम लागली, सुमारे 1 कोटी 15 लाख डॉलर. कुठल्याही एका कुटुंबाने हे ओझं पिढ्यान्‌पिढ्या पेललं असतं असं मला वाटत नाही.

धाकट्या एडगर कॉफमन यांनी हे वेळेत ओळखलं. 1963 मध्ये त्यांनी घर आणि भोवतालची सुमारे 1,500 एकर जमीन वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कन्झर्व्हन्सी या संस्थेला दिली, आणि पुढच्या वर्षी घर लोकांसाठी खुलं झालं. 2019 मध्ये राइट यांच्या इतर सात इमारतींसोबत ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. संस्था कुठली निवडली, हे पाहण्यासारखं आहे. इमारती सांभाळणाऱ्या एखाद्या संग्रहालयाऐवजी त्यांनी जमीन, जंगल आणि पाणी राखणाऱ्या संस्थेकडे घर सोपवलं. या खोऱ्यात पूर्वी वृक्षतोड झालेली होती आणि आजचं रान नंतर पुन्हा वाढलेलं आहे. वरच्या अंगाला पुन्हा तोड झाली असती तर पावसाळी लोंढे वाढले असते, ओढा गढूळ झाला असता, आणि कातळाच्या पायऱ्यांचा ताल उचलणाऱ्या त्या गच्च्या उघड्या टेकडीवर परक्या वाटल्या असत्या. संस्थेने पुढेही जमीन जोडत नेली. आज बेअर रनचं राखीव क्षेत्र 5,000 एकरांहून मोठं आहे आणि पर्यटकांचं केंद्र व वाहनतळ घरातून दिसणार नाही इतकं लांब, झाडीत ठेवलेलं आहे.